गॉस लावूनही उत्तर चुकतं, असं कसं? (विद्युत-चुंबकत्वाच्या पेपरची तयारी)

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरलाच बी.एस्सी. करतोय. पुढच्या सेमिस्टरला विद्युत आणि चुंबकत्वाचा पेपर आहे, प्रॅक्टिकलसकट. हातात तीन आठवडे आहेत. बारावीची सूत्रं पाठ आहेत, म्हणून एका सीनियरच्या वहीतलं पहिलंच गणित घेतलं: २० सेंटिमीटर लांबीची दांडी, तिच्यावर १० नॅनोकूलॉम चार्ज एकसारखा पसरलेला. दांडीच्या मध्यासमोर ५ सेंटिमीटरवर विद्युत क्षेत्र किती? मी दांडीभोवती सिलिंडर घेतला, गॉस लावला, उत्तर आलं मीटरला १८,००० व्होल्ट. वहीत १६,१०० आहे. आकडेमोड तीनदा तपासली. गॉसचा नियम कुठेही खरा असतो ना?

शिवाय या तीन आठवड्यांत गणितातलं नेमकं काय करू, आणि लॅबमध्ये मुलांचं काय चुकतं, तेही सांगा. मोबाइलवरून लिहितोय, चिन्हं नीट उमटत नाहीत. उत्तरं शब्दांत दिलीत तरी चालेल.

तांब्याची_तार
नियम खराच आहे. तुझ्या सिलिंडरमधून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स (पृष्ठभाग पार करणाऱ्या क्षेत्राची बेरीज) म्हणजे आतला चार्ज भागिले एप्सिलॉन-नॉट (निर्वाताचा विद्युत स्थिरांक), म्हणजे सुमारे १,१३० व्होल्ट-मीटर, आणि त्यात तसूभरही फरक पडत नाही. पण तुला फ्लक्स नको होता, एका बिंदूवरचं क्षेत्र हवं होतं. फ्लक्सवरून क्षेत्र काढताना तू क्षेत्राला इंटिग्रलच्या बाहेर ओढलंस. ते बाहेर यायला दोन गोष्टी लागतात: वक्र पृष्ठभागावर सगळीकडे क्षेत्र सारखंच असलं पाहिजे, आणि झाकणांतून काहीही गळता कामा नये. अनंत लांब तारेला दोन्ही लागू पडतात. २० सेंटिमीटरच्या दांडीला एकही नाही. मध्यासमोर ५ सेंटिमीटरवर क्षेत्र १६,१०० असतं, तर टोकासमोर तेवढ्याच अंतरावर दांडीला लंब असलेला घटक ८,७०० पर्यंत खाली येतो. उरलेला फ्लक्स झाकणांतून जातो.

आता सरळ बेरीज कर. दांडी एक्स-अक्षावर ठेव, मध्य शून्यावर. बिंदू वाय-अक्षावर, अंतर आर. दांडीचा छोटा तुकडा डी-एक्स घेतला तर त्यावर चार्ज लॅम्डा गुणिले डी-एक्स. लॅम्डा इथे १० नॅनोकूलॉम भागिले ०.२ मीटर, म्हणजे मीटरला ५० नॅनोकूलॉम. उजवीकडच्या प्रत्येक तुकड्याला डावीकडे जोडीदार आहे, त्यामुळे दांडीला समांतर घटक एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त लंब घटक उरतो, म्हणून प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र कोसाइनने, म्हणजे आर भागिले तिरकं अंतर याने, गुणायचं. बहुतेक मुलं नेमका हा कोसाइन विसरतात आणि मग इंटिग्रल भलताच येतो. बेरीज केल्यावर मिळतं ते असं:

क्षेत्र = (२ × के × लॅम्डा ÷ आर) × (अर्धी लांबी ÷ अर्धी लांबी-वर्ग अधिक आर-वर्ग यांचं वर्गमूळ)

के म्हणजे कूलॉमच्या नियमातला स्थिरांक. पहिला कंस म्हणजे तुझंच १८,०००. दुसरा कंस १० भागिले ११.१८, म्हणजे ०.८९४. गुणाकार १६,१००.

हा दुसरा कंस नीट पाहा, सगळा धडा त्यातच आहे. बिंदू दांडीपासून १ सेंटिमीटरवर आणला तर तो ०.९९५ होतो, म्हणजे अनंत तार मानलं तरी अर्ध्या टक्क्याचीच चूक. ५० सेंटिमीटरवर नेला तर खरं उत्तर ३५३, आणि सगळी दांडी एक बिंदू मानली तर ३६०. म्हणजे दोनच टक्के चूक. जवळून तार, लांबून ठिपका. ५ सेंटिमीटर हे नेमकं मधलं अंतर आहे, म्हणून तिथे दोन्ही सोप्या वाटा फसतात (बिंदू मानलास तर ३६,००० येईल, दुपटीहून जास्त). गणित देणाऱ्याने आकडे मुद्दाम निवडलेत.

एक बारीक गोष्ट. गणितात ‘एकसारखा पसरलेला’ असं लिहिलं आहे, म्हणजे दांडी प्लास्टिकची वगैरे धरायची. धातूची असती तर चार्ज टोकांकडे जास्त गोळा झाला असता आणि हे सूत्रही लागू पडलं नसतं.

शून्य_विभव
वरचं उत्तर उत्तम. फक्त पुढे चुंबकत्वात हाच सापळा आणखी खोल आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. तुटक दांडीला गॉस खरा असतो पण निरुपयोगी. तुटक तारेला बारावीतला ॲम्पियरचा नियम खोटाच ठरतो. एक मीटर तारेच्या तुकड्यातून धारा जाते आणि टोकाला थांबते, असं धरलं तर टोकांवर चार्ज साठत जातो, त्याचं विद्युत क्षेत्र बदलत राहतं, आणि मॅक्सवेलने जोडलेलं पद घेतल्याशिवाय हिशेब जुळत नाही. त्यामुळे तारेच्या तुकड्याचं क्षेत्र विचारलं की बायो-सॅव्हार्टनेच बेरीज करायची. आणि ते उत्तर म्हणजे पूर्ण सर्किटमधल्या त्या एका तुकड्याचा वाटा, एवढाच त्याचा अर्थ.

आता गणित. तीन आठवड्यांत डायव्हर्जन्स-कर्लची सगळी सूत्रं पाठ करायला बसू नकोस. वर्गात ती होतीलच. आधी हे पक्कं कर.

सदिश कुठून कुठे जातो. चार्ज जिथे आहे ती जागा वेगळी, क्षेत्र जिथे मोजायचं ती वेगळी. पुस्तकं पहिलीवर डॅश देतात, दुसरीवर देत नाहीत. सूत्रातला सदिश नेहमी चार्जकडून बिंदूकडे. इंटिग्रल फक्त डॅशवाल्या अक्षरांवर चालतो, बाकी सगळी त्या वेळेपुरती स्थिर. दर गणितात कागदावर दोन ठिपके काढून बाण काढायची सवय लाव. उलटा बाण म्हणजे उलटं चिन्ह.

टोपीवाला आर. एकक सदिश एक्स, वाय, झेड हे कुठेही गेलास तरी त्याच दिशेचे राहतात, म्हणून इंटिग्रलबाहेर काढता येतात. टोपीवाला आर प्रत्येक तुकड्यासाठी वेगळ्या दिशेचा असतो. तो बाहेर काढलास की अर्धवर्तुळाच्या केंद्रावरचं क्षेत्र चुकलंच म्हणून समज. आधी त्याचे एक्स-वाय घटक पाड, मग इंटिग्रेट कर.

थीटा आणि फाय. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत थीटा म्हणजे एक्स-अक्षापासून फिरणारा कोन, भौतिकशास्त्रात थीटा म्हणजे झेड-अक्षापासून खाली उतरणारा. दोन्ही पेपर एकाच सेमिस्टरला असतील तर गोंधळ ठरलेला. वहीच्या पहिल्या पानावर आपला नियम लिहून ठेव. गोलावरचा क्षेत्रफळाचा तुकडा आर-वर्ग गुणिले साइन थीटा गुणिले डी-थीटा गुणिले डी-फाय. तो साइन गळला की गोलाचं क्षेत्रफळ चार पाय आर-वर्गऐवजी दोन पाय-वर्ग आर-वर्ग येतं. ही तपासणी आपली आपण करून बघ.

सराव म्हणून तीन आकार पुरेत: दांडी (झालीच), कडं, चकती. कड्याच्या अक्षावर क्षेत्र काढ, मग कड्यांची चकती कर, मग चकती अमर्याद मोठी कर आणि सिग्मा (दर क्षेत्रफळाला चार्ज) भागिले दोन एप्सिलॉन-नॉट येतं का ते बघ. हे तीन स्वतः, वही न उघडता सुटले की पहिल्या महिन्याची काळजी नको.

आणखी एक. आधी क्षेत्र आणि मग विभव, हा क्रम वर्गात असतो म्हणून घे. पण गणित सोडवताना विभवाची बेरीज सोपी, तिला दिशा नाही. कड्याच्या केंद्रावर क्षेत्र शून्य, विभव मात्र के-क्यू भागिले त्रिज्या. ‘क्षेत्र शून्य म्हणून विभव शून्य’ हे परीक्षेत लिहिणारे दरवर्षी सापडतात.

रामबागकर
दांडी आणि कडं आत्ता सुटलं. तांब्याची तार काका, तो कोसाइन मीही विसरलो होतो. चकतीवर अडकलो. माझं उत्तर सिग्मा भागिले दोन एप्सिलॉन-नॉट आलं, पण बारावीत धातूच्या पृष्ठभागाशी सिग्मा भागिले एप्सिलॉन-नॉट पाठ केलं होतं. दोन कुठे गेला?

तांब्याची_तार
कुठेही गेला नाही, सिग्मा बदलला. पातळ चादरीवर चार्जचा एकच थर, आणि त्यातून फ्लक्स दोन्ही बाजूंना जातो, म्हणून दोनाने भाग. धातूच्या आत क्षेत्र शून्य, त्यामुळे एका पृष्ठभागावरच्या चार्जचा सगळा फ्लक्स बाहेरच्या एकाच बाजूला जातो, म्हणून दोन नाही. आता हीच धातूची पत्री एकटी ठेव, एकूण चार्ज क्यू. तो दोन्ही तोंडांवर अर्धा-अर्धा वाटला जातो. तोंडावरचा सिग्मा म्हणजे क्यू भागिले दोनदा क्षेत्रफळ, आणि तो एप्सिलॉन-नॉटने भागला की उत्तर चादरीइतकंच येतं. सूत्र लिहिण्याआधी ‘हा सिग्मा एका तोंडाचा की दोन्ही तोंडांचा मिळून’ असा प्रश्न विचारायचा, बस.

जुनी_प्रयोगशाळा
लॅबचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मल्टिमीटर. सगळ्यात जास्त जळणारी वस्तू म्हणजे त्यातला फ्यूज, बऱ्याच साध्या मीटरांत तो २०० मिलिॲम्पियरचा असतो. कारण नेहमी एकच. धारा मोजायला लाल वायर ॲम्पियरच्या भोकात घातली, काम झालं, आणि मग तशीच ठेवून बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेले. ॲम्पियरच्या भोकात मीटरचा रोध नगण्य, म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट. धारा मोजून झाली की वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. मीटर ‘धारा शून्य’ दाखवतोय तर सर्किटला दोष देण्याआधी फ्यूज तपास: मीटर बंद करून फ्यूज काढ आणि दुसऱ्या मीटरने त्याची सलगता बघ.

आर-सी सर्किट. हा प्रयोग घरीही होतो. महाराणी रोडला १०० किलो-ओहमचा रोधक आणि ४७० मायक्रोफॅरडचा, १६ किंवा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मागायचा, ९ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड. कपॅसिटरवर पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर तो गरम होतो, फुगतो, फुटूही शकतो. कालांक (रोध गुणिले धारिता) ४७ सेकंद, म्हणजे मोबाइलच्या स्टॉपवॉचने दर १० सेकंदांनी आकडा टिपता येतो. डिस्चार्ज करताना ९ व्होल्टवरून ३.३ व्होल्टपर्यंत यायला ४७ सेकंद लागायला हवेत.

लागतील का? बहुतेक नाही. इलेक्ट्रोलिटिकवर छापलेल्या आकड्यात २० टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे ३८ ते ५६ यातलं काहीही आलं तरी तुझी चूक नाही. व्होल्टेजचा लॉग वेळेशी काढ, रेषा सरळ आली की प्रयोग बरोबर. उतारावरून खरी धारिता काढ आणि तीच लिही. वहीत जबरदस्तीने ४७ आणलेले आकडे परीक्षक लांबूनच ओळखतात.

पण हाच प्रयोग १ मेगाओहम आणि ४७ मायक्रोफॅरडने केला तर? कागदावर कालांक तोच. प्रत्यक्षात डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, तो रोधकाला समांतर बसतो, आणि कालांक ४२.७ सेकंदांवर येतो. ९ टक्के सरळ मीटरने खाल्ले. चार्ज करताना तर कपॅसिटर ९ व्होल्टला पोचतच नाही, ८.२ ला थांबतो. १०० किलो-ओहमला हीच चूक एक टक्का. मोठा रोध घेण्याआधी मीटरचा विचार करायचा.

टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर. कड्यातल्या धारेने मधली चुंबकसुई वळते, त्या कोनावरून धारा काढायची. कॉलेजांत हा अजून असतोच. ५० वेढे आणि १६ सेंटिमीटर व्यासाचं कडं धर. इंदूरला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास, त्यावरून सुई ४५ अंशांवर यायला साधारण ९७ मिलिॲम्पियर लागतात. हा आकडा आधी काढून गेलास तर कोणतं मीटर आणि कोणता रिओस्टॅट घ्यायचा ते आपोआप ठरतं. २ वेढ्यांवर जोडून ‘सुई हलत नाही’ म्हणत बसणारे पुष्कळ.

कडं उत्तर-दक्षिण लावताना धारा बंद ठेवून सुई कड्याच्या प्रतलात आणायची. खिशातला मोबाइल दुसऱ्या टेबलावर ठेव, स्पीकरमध्ये चुंबक असतो. टेबलाचे पाय लोखंडी असतील तर जागा बदल. रिओस्टॅट हीसुद्धा गुंडाळीच आहे, तो अर्धा मीटर लांब ठेव. सुईची दोन्ही टोकं वाच, मग धारा उलटी करून परत दोन्ही वाच, चारांची सरासरी. सुई आरशातल्या प्रतिमेवर बरोबर बसली की वाचायचं.

वाचन ३० ते ६० अंशांत ठेव, असं सर सांगतात. कारण कोणी विचारत नाही. एक अंशाची चूक ४५ वर धारेत साडेतीन टक्के होते, १० अंशांवर तीच १० टक्के. टॅन्जंटचं डेरिव्हेटिव्ह घेऊन टॅन्जंटनेच भागून बघ, दोन भागिले साइन दोन-थीटा मिळतं, आणि ते ४५ ला सर्वांत लहान. तोंडी परीक्षेत हे सांगितलंस तर पुढचे तीन प्रश्न वाचतात.

स्थिर विद्युतचे प्रयोग, म्हणजे सोनपत्री इलेक्ट्रोस्कोप वगैरे, जुलै-ऑगस्टमध्ये लागले तर चार्ज टिकणार नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत काचेवर ओलाव्याचा थर बसतो आणि चार्ज त्यावरून निघून जातो. हेअर ड्रायरने काच आणि दांडी कोरडी करून लगेच वाचन घे. डिसेंबरात हेच उपकरण गुमान चालतं.

छप्पनचा_भिया
भिया लोक, एवढं सगळं लिहिलंत पण खरी मजा सांगितलीच नाही. आपल्या आरआरकॅटमध्ये (इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ आहे की, इलेक्ट्रॉन फिरवणारं सिंक्रोट्रॉन! तिथे चुंबकांनी इलेक्ट्रॉनला वेग देतात, अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. चुंबकत्वाचं याहून मोठं उदाहरण कुठे?

शून्य_विभव
उदाहरण झकास, वाक्य चूक. चुंबक वेग वाढवत नाही. चुंबकीय बल नेहमी वेगाला लंब असतं, म्हणून स्थिर चुंबकीय क्षेत्र कार्य करत नाही, फक्त वळवतं. ऊर्जा मिळते ती आरएफ कॅव्हिटीतल्या (रेडिओ-वारंवारतेवर चालणाऱ्या धातूच्या पोकळीतल्या) विद्युत क्षेत्रातून. उलट वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतो आणि ऊर्जा गमावतो. इंडस-२ मध्ये हिशेबाने दर फेरीला साधारण ६२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तेवढी कॅव्हिटीला परत भरावी लागते.

रामबागकर, यावर एक गणित तुझ्यासाठी. वळवणाऱ्या चुंबकांचं क्षेत्र १.५ टेस्ला. इतक्या ऊर्जेला संवेग म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग, असं बिनधास्त धर. त्रिज्या = संवेग ÷ (चार्ज × क्षेत्र). ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच ठेव, म्हणजे चार्ज आपोआप कापला जातो. अर्धा एम व्ही-वर्ग वापरू नकोस, प्रकाशाच्या कितीतरी पट वेग येईल.

तांब्याची_तार
एककांचं राहिलंच. जुन्या पुस्तकात कूलॉमच्या नियमात के किंवा चार पाय एप्सिलॉन-नॉट दिसलं नाही, नुसतं क्यू-क्यू भागिले आर-वर्ग, तर ते सीजीएसमधलं (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं) आहे. तिथून सूत्र उचलून त्यात कूलॉम आणि मीटर घालू नकोस. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस. एक पुस्तक धर आणि सेमिस्टर संपेपर्यंत तेच ठेव.

आणि लेंझचं ऋण चिन्ह. ‘प्रेरित धारा क्षेत्राला विरोध करते’ असं पाठ केलं असशील तर खोडून टाक. विरोध बदलाला असतो. क्षेत्र कमी होत असेल तर प्रेरित धारा त्याला सांभाळायलाच धावते. चुकू नये म्हणून: आधी लूपच्या पृष्ठभागाची लंब दिशा तू ठरव, कुठलीही. उजव्या हाताचा अंगठा तिकडे, बोटं वळतात ती धन दिशा. फ्लक्स चिन्हासकट काढ, वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह घे, पुढे ऋण लाव. उत्तर ऋण आलं तर धारा बोटांच्या उलट. यात अंदाज कुठेच नाही.

गुंडाळीतून चुंबक खाली सोडला की प्रेरित व्होल्टेजच्या वेळेशी काढलेल्या आलेखात दोन उलट्या चिन्हांची शिखरं दिसतात. दुसरं जास्त उंच आणि अरुंद असतं, कारण बाहेर पडेपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला. दोन्हींची क्षेत्रफळं मात्र सारखी. का, ते फ्लक्सच्या एकूण बदलावरून शोध.

रामबागकर
त्रिज्या ५.५६ मीटर आली. मग परीघ ३४.९ मीटर व्हायला हवा. पण इंडस-२ चा परीघ तर १७२ मीटर आहे म्हणे. परत काहीतरी चुकलं?

शून्य_विभव
काही चुकलं नाही. ते वर्तुळ नाहीच. वळवणारे चुंबक १६, प्रत्येक साडेबावीस अंश वळवतो, म्हणजे प्रत्येकात सुमारे २.१८ मीटरची कमान. सोळांची बेरीज तुझे ३४.९. बाकीचे १३७ मीटर इलेक्ट्रॉन सरळ जातो. तिथे झोत आवळून धरणारे चतुर्ध्रुवी चुंबक आहेत, आरएफ कॅव्हिटी आहे, आणि बराचसा नुसताच निर्वात पाइप.